माणदेशी बचत आणि अडीचशे रुपयांची भेट

अमेरिकेत नवे खाते उघडून त्यात ठरावीक रक्कम ठरावीक काळ ठेवणाऱ्या ग्राहकाला अनेक बँका शेकडो डॉलर रोख देतात, आणि अशी बक्षिसे मिळवण्यासाठी एकामागून एक खाती उघडत जाणे हा तेथील काही कुटुंबांच्या काटकसरीचाच भाग झाला आहे. भारतात हा मार्ग जवळजवळ बंद आहे. ठेवी मिळवण्यासाठी सोडत, बक्षीस किंवा मोफत सहल यांचे आमिष दाखवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली असून ठेव स्वीकारताना फार तर 250 रुपयांपर्यंतची किरकोळ भेटवस्तू देण्याची मुभा ठेवली आहे. त्यामुळे खात्यातून ठेवीदाराच्या पदरात नेमके काय पडते, याचे उत्तर येथे वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते, आणि ते सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, फार स्पष्टपणे मिळते.

म्हसवडच्या रस्त्याकडेला लोहारकाम करून राहणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता व त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. परंतु इतक्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँकांनी नकार दिला. या प्रसंगातून चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. महिलांनी काही महिने अक्षरओळख शिकून घेतली आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन, कोणत्याही मुद्दलावरील व्याज यंत्राशिवाय तोंडी सांगण्याची तयारी दाखवली. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. शाखेत येण्यात दिवसाची मजुरी बुडते, असे खातेदार महिलांनी सांगितल्यावर बँकेचे कर्मचारीच त्यांच्या दारी व बाजारात जाऊ लागले, आणि खात्याच्या व्यवहारासाठी सांकेतिक क्रमांक (पिन) नको, तो कोणीही चोरू शकेल, अंगठा चोरता येणार नाही, हा आक्षेपही त्यांनीच नोंदवला. बुडणारी मजुरी वाचवणारी ही सोय कोणत्याही भेटवस्तूपेक्षा मोलाची होती, कारण तिच्यामुळेच बचत शक्य झाली.

दारी येऊन पैसे नेण्याची कल्पना जुनी आहे. टी. एम. ए. पै यांनी 1928 मध्ये उडुपी येथे रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली, आणि आज सातारा-सांगलीच्या बाजारपेठांतही प्रतिनिधी दुकानोदुकानी जाऊन अशी दैनिक ठेव जमा करतो. तिच्यावरील व्याज सहसा कमी असते, म्हणून जाणकार तिला नावे ठेवतात. पण रोज 20 रुपये देणाऱ्या भाजीविक्रेतीचे वर्षाला 7,300 रुपये उभे राहतात, आणि एरवी ते उभे राहिलेच नसते. भिशी, म्हणजे ओळखीच्या लोकांनी दरमहा समान वर्गणी काढून जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला देणे, हीदेखील तशीच शिस्त लावते, मात्र तिला विश्वासाखेरीज दुसरे तारण नसते.

ज्याच्याकडे रक्कम साठलेली आहे, त्याचा लाभ व्याजदरात असतो. बचत खात्यावरील व्याज 1 एप्रिल 2010 पासून दररोजच्या शिलकेवर मोजले जाते आणि 25 ऑक्टोबर 2011 पासून त्याचा दर बँका स्वतः ठरवतात. वर्षभर न लागणारे 50,000 रुपये तीन टक्क्यांच्या बचत खात्यात पडून राहिले तर 1,500 रुपये मिळतात. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत तेच 3,500 होतात.

जास्त दराच्या मोहात सुरक्षिततेचा विसर पडू नये, याची जाणीव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तरी असायला हवी. 1916 ची सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत आणि 1936 ची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली, त्यामुळे तेथील ठेवी नव्या बँकेकडे गेल्या; कराड जनता सहकारी बँकेचा परवाना मात्र डिसेंबर 2020 मध्ये रद्द झाला, आणि अशा वेळी ठेवीदाराचा आधार ठरतो तो ठेव विमा. 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारामागे, सर्व शाखांतील ठेवी व व्याज मिळून, पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही, मग तिच्या पाटीवर दर कितीही मोठा लिहिलेला असो.