बालमधुमेह, विषाणू आणि लस

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना ही लस शाळाशाळांतून टोचण्यात आली. लसीनंतर काही काळाने एखाद्या मुलास मधुमेह जडला, तर 'लसीनेच झाला' अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन शिक्षकास करता आले पाहिजे.

लहान मुलांना बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. स्वादुपिंडातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून त्याच पेशींचा नाश करते व रक्तातील साखर शरीराच्या उपयोगी पडेनाशी होते. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही. आईबापांचाही त्यात दोष नसतो.

या रोगास आनुवंशिक प्रवृत्ती कारणीभूत असते. तिच्या जोडीस विषाणूंचा संसर्गही निमित्त होत असावा. एन्टेरोव्हायरस वर्गातील विषाणूंचा असा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. गर्भारपणी मातेस रुबेला झाल्यास बालकास पुढे मधुमेह होण्याचा संभव वाढतो. म्हणजे रुबेलाची लस हा धोका टाळण्यासच साहाय्य करते.

डेन्मार्कमध्ये १९९० ते २००० या काळात जन्मलेल्या सात लाखांहून अधिक बालकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. नेहमीच्या लसींमुळे मधुमेह होतो, असे त्यांत आढळले नाही. पेशींचा नाश लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही चालू असतो. तेव्हा लस आधी व लक्षणे नंतर, एवढ्यावरून लस कारण ठरत नाही.

खरा धोका निदानास होणाऱ्या विलंबाचा आहे. वर्गातील एखादे मूल वारंवार पाणी पिऊ लागले, लघवीस जाऊ लागले, खाऊनपिऊनही वाळू लागले किंवा सदा थकलेले दिसू लागले, तर त्यास रागावू नये. पालकांना बोलावून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घेण्यास सांगावे. उलट्या, पोटदुखी, जोराचा खोल श्वास किंवा गुंगी ही चिन्हे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता मुलास रुग्णालयात न्यावे.

इन्सुलिन १९२२ पासून उपचारासाठी वापरात आहे. ते नियमित मिळाल्यास असे मूल इतरांप्रमाणेच शिकते व खेळते. मात्र ते मिळाले नाही, तर मूल दगावते. अंगारेधुपारे वा झाडपाला यांनी इन्सुलिनची उणीव भरून निघत नाही, हेही शिक्षकांनी पालकांस निक्षून सांगावे.