ध्वनिमुद्रिकेचे हातचे वेष्टन

तिलारीच्या खोऱ्यातील दोडामार्ग हा गोव्याच्या सीमेला टेकलेला मुलूख पूर्वी सावंतवाडी संस्थानात मोडत असे. त्या संस्थानाच्या राजधानीत गंजिफा तयार करण्याची कला अद्यापि जिवंत आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. थरावर थर खळीने चिकटवावयाचे, त्यांवर लेप देऊन तो घोटावयाचा, चित्रे रंगवावयाची, लाखेचे रोगण चढवावयाचे आणि शेवटी संच ठेवावयास तशीच रंगविलेली लाकडी पेटी करावयाची, अशी ही रीत. येथे पेटी म्हणजे केवळ बांधणी नव्हे. ती खेळाचेच एक अंग होय.

वाटोळा आकार, लाख आणि वेष्टन ही तीन लक्षणे ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीसही होती. मिनिटास ७८ फेरे घेणारी ती तबकडी लाखेच्या मिश्रणातूनच घडविली जाई. परंतु तिचे वेष्टन बहुधा साध्या कागदाचे, मधोमध भोक पाडलेले आणि कंपनीचे किंवा दुकानदाराचे नाव मिरविणारे असे. आत कोण गात आहे, याच्याशी त्या कागदाला काही कर्तव्य नव्हते. पुढे विनाइलच्या तबकड्या आल्या, वेष्टनांवर रंगीत छायाचित्रे झळकली. तरी तबकडी आणि वेष्टन दोन्ही कारखान्याचीच राहिली. वेष्टनाचे काम कारखान्याच्या हातून काढून घेतले ते अगदी निराळ्याच लोकांनी.

१९७६ च्या सुमारास इंग्लंडात ‘पंक’ नावाचे संगीत पुढे आले. थोडे सूर, मोठा आवाज आणि शिष्टसंमत कौशल्याविषयी उघड बेपर्वाई, हा त्याचा बाणा. त्याचेच अधिक वेगवान व कडवे रूप अमेरिकेत ‘हार्डकोर’ या नावाने १९८० च्या आसपास रूढ झाले. मोठ्या कंपन्यांच्या दारी जाऊन बसण्यापेक्षा आपली तबकडी आपणच काढावी, असे या तरुणांपैकी अनेकांनी ठरविले. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या चमूने उसनवारीच्या सुमारे ५०० पौंडांत पहिल्या हजार प्रती काढल्या, तेव्हा ही गोष्ट शक्य कोटीतील आहे, हे इतरांस दिसून आले.

अडचण होती ती वेष्टनाची. छापखान्यात चित्राचा साचा तयार करण्याचा खर्च पाचशे प्रतींस लागतो तेवढाच पाच हजारांस लागतो. म्हणून अल्प प्रतींना छापील लिफाफा परवडत नाही. त्यावर या मंडळींनी काढलेला उपाय फार साधा होता. सात इंची तबकडीसाठी चौदा इंच लांब व सात इंच रुंद कागद घ्यावा, झेरॉक्स यंत्रावर त्याची नक्कल काढावी, मधोमध घडी घालावी आणि तबकडीसह प्लास्टिकच्या पिशवीत सरकवावा, की झाले वेष्टन. कोणी त्यावर रबरी शिक्के उठवीत, तर कोणी लग्नपत्रिकांसाठी वापरतात त्या जाळीच्या छपाईने एकेक प्रत रंगवीत.

वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ या शाळकरी वयाच्या मुलांची कथा बोलकी आहे. वर्षभराच्या कार्यक्रमांतून साठविलेले सुमारे ६०० डॉलर त्यांच्यापाशी होते. १९८० साली चमू मोडला. पण पैसे वाटून न घेता त्यांनी त्यांतून तबकडीच्या हजार प्रती काढल्या आणि ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था उभी केली. वेष्टन कसे करतात हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी एक तयार वेष्टन उसवून सपाट केले, त्याचा आकार कागदावर गिरविला, तसे छापून घेतले आणि मित्रमंडळींसह कात्री व गोंद घेऊन एकेक लिफाफा सिद्ध केला.

या लिफाफ्यांवर काय लिहीत, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’ने १९७८ साली मुद्रणापासून दाबकामापर्यंत कशास किती खर्च आला, याचा जमाखर्चच वेष्टनावर मांडला. ‘क्रास’ या चमूने उलगडताच भित्तिपत्रक व्हावे अशी वेष्टने केली आणि अमुक किमतीपेक्षा अधिक देऊ नये, अशी सूचना त्यांवर छापली. ग्राहकापासून काही लपवावयाचे नाही, इतकेच नव्हे, तर त्यानेही उद्या हेच करावे, असा त्यात स्पष्ट संकेत होता. वाकडी घडी किंवा गोंदाचा डाग हे दोष खरेच. परंतु हे काम कोणासही साधेल, याचा तेच पुरावा होते.

काळाने मात्र येथे एक कोडे घातले आहे. ज्या वेष्टनांवर जास्त पैसे देऊ नका असे बजावले होते, त्यांच्या आरंभीच्या प्रतींसाठी आज संग्राहक मूळ किमतीच्या कित्येक पट मोजतात. स्वस्ताईसाठी घातलेली घडी दुर्मिळ ऐवज होऊन बसली आणि अनेक तबकड्या खरचटतील या भयाने वाजविल्याही जात नाहीत. गंजिफेचेही काही अंशी असेच झाले. छापील पत्त्यांनी तिला घरांतून हुसकले. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांस आश्रय दिला, म्हणून ती कला तरली. परंतु आज संच विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण ती पाने पिसतात?

हाताने केलेली वस्तू जपावी हे योग्यच. पण कपाटात जपली जाते ती वस्तू, तिच्यामागील धैर्य नव्हे. उद्या दोडामार्गातील एखाद्या भजनी मेळ्याने आपले गायन मुद्रित केले आणि त्याची वेष्टने ओसरीवर बसून घरच्या मुलांनी दुमडली, तर त्या मुलांना ‘पंक’ हा शब्द ठाऊक नसला तरी चालेल. कागद, कात्री आणि खळ यांनी परक्या मुलखातील मुलांस जे शिकविले, ते त्यांसही आपोआप कळेल.