तीन शिकारी, एक माळ

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर मागे पडतं, यवत-चौफुला येतो आणि झाडी विरळ होत जाते. पुढे बारामती-इंदापूरकडे जिथं कालव्याचं पाणी पोचलेलं नाही तिथं नुसता माळ. कुसळी गवत, चार बाभळी, तरवडाची झुडपं. पाऊस बेताचाच. अशा रानावर एका टोळीचं पोट भरणंही अवघड वाटावं. पण पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्यात नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू असे तीन भटके समाज पिढ्यानपिढ्या फिरत आले. तिघंही शिकार करणारे, तिघंही त्याच गावांच्या शिवारात पालं टाकणारे. मग त्यांनी एकमेकांच्या तोंडचा घास कसा काढला नाही?

हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत माधव गाडगीळ होते, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते. कारण त्यांची तालीम अगदी वेगळ्या आखाड्यातली. १९४२ साली पुण्यात जन्म, वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, शेजार मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि पुढे हार्वर्डमध्ये. तिथं १९६९ साली मिळवलेली पीएच.डी. गणिताच्या अंगाने केलेल्या परिसरशास्त्राची. पण हा गणिती मूळचा पाखरांच्या मागे फिरणारा पोरगा होता. शाळेच्या वयात त्यांना एक वेडा राघू दिसला. या पक्ष्याच्या शेपटीतून मधोमध तारेसारखी दोन लांब पिसं बाहेर आलेली असतात, ती या राघूला नव्हतीच. पोरानं थेट पक्षितज्ज्ञ सलीम अलींना पत्र घातलं. त्यांचं उत्तरही आलं: जुनी पिसं गळून नवी येण्याचे हे दिवस आहेत. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ या आत्मकथनात हा पोरगा शेवटच्या पानापर्यंत भेटत राहतो. समोर जे दिसतंय ते असंच का, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

माळावरच्या कोड्याचं उत्तर समजून घ्यायला आधी अमेरिकेतल्या एका जंगलात जावं लागतं. १९५८ साली रॉबर्ट मॅकआर्थर या तरुण शास्त्रज्ञाने तिथल्या पाच जातींच्या चिमुकल्या कीटकखाऊ पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचही जाती एकाच प्रकारच्या सूचिपर्णी झाडांवर, एकाच वेळी किडे टिपतात. मग त्यातली सर्वांत चलाख जात बाकीच्यांना हुसकून का लावत नाही? मॅकआर्थरने झाडाचे भाग पाडले आणि तासन्‌तास नोंदी घेतल्या. कुणी शेंड्याला, कुणी फांद्यांच्या टोकांना, कुणी आतल्या खोडाजवळ, कुणी बुंध्याकडे असा ज्याचा त्याचा वेगळा कल दिसला. आपल्याला झाड एकच दिसतं, पण पक्ष्यांनी त्याची वाटणी करून घेतलेली होती.

मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि गाडगीळ यांनी १९८३ साली खोमणे यांच्यासह तिन्ही समाजांच्या शिकारीच्या पद्धती मांडल्या, तेव्हा माळावरही अशीच वाटणी उघडी झाली. नंदीवाल्यांची भिस्त कुत्र्यांवर. कुत्री रानडुक्कर कोंडायची, साळिंदर आणि घोरपड हुडकून काढायची. फासेपारध्यांचं हत्यार म्हणजे फासा. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशानं ते काळविटांच्या कळपाजवळ सरकायचे. तित्तर, मोरही फाशातच धरायचे. वैदू मात्र आमिष लावून सापळे मांडायचे आणि मुंगूस, रानमांजर, उदमांजर असली छोटी मांसाहारी जनावरं पकडायचे. पुणेकरांना हडपसरची वैदूवाडी बसथांबा म्हणून ठाऊक असते. त्या नावामागे रानाची अशी बारीक जाण असलेला समाज आहे, हे कळल्यापासून तिथून जाताना मी थबकते.

गंमत इथं संपत नाही. नंदीवाल्यांत कोणत्या घराण्यानं कोणत्या गावांत फिरायचं हेही वडिलोपार्जित ठरलेलं. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी शिरलं तर प्रकरण जातपंचायतीपुढे. म्हणजे आधी जनावरांची वाटणी, मग मुलखाची.

यातून काय साधतं? गाडगीळांच्या लेखनाचा सगळा कणा या एका प्रश्नात आहे. रान सगळ्यांना मोकळं असेल तर मी आज सोडून दिलेली गाभण घोरपड उद्या दुसऱ्याच्या पातेल्यात शिजणार. तेव्हा मी ती का सोडावी? पण घोरपड धरणारे या शिवारात आम्हीच असू आणि उद्या माझी पोरंही इथंच फिरणार असतील, तर हात आवरण्याचा फायदा माझ्याच घरात येतो. संयम अशा जागी रुजतो. रामचंद्र गुहांबरोबर लिहिलेल्या ‘धिस फिशर्ड लँड’ या १९९२च्या पुस्तकात हा विचार भारताच्या सगळ्या इतिहासावरून फिरवलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर आणि खोऱ्यात भात-नाचणी पिकवणारे कुणबी यांची जोडीही त्यात येते. वरून लोणी खाली यायचं, खालून धान्य वर जायचं.

जातिव्यवस्थेची ही भलामण झाली, असा आक्षेप या मांडणीवर घेतला गेला. तो झटकून टाकण्यासारखा नाही. वाटणीत कुणाच्या वाट्याला सुपीक जमीन आली आणि कुणाच्या वाट्याला मुंगूस, हे विसरून चालणार नाही. इंग्रजांच्या कायद्यानं फासेपारध्यांना तर जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही बंद झाली. तरीही मला वाटतं, वाटणी अन्यायाची होती म्हणून तिच्यातून दिसलेलं निसर्गाचं तत्त्व खोटं ठरत नाही. ते जातीपासून सोडवून घेता येतं का, एवढंच पाहायचं.

ते तत्त्व मोडलं की काय होतं, हे पुण्याच्या अगदी उशाशी दिसलं. पानशेत धरणासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले आणि खोऱ्यातल्या गावांची झाडं भट्ट्यांत गेली. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात देवराया पाहत हिंडले तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरांवर हिरवे ठिपके राहिले होते ते देवाच्या नावाने राखलेल्या रानांचे. तिथं कुऱ्हाड लावायची नाही, हा गावाचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याला हटकायला गाव तिथंच होतं.

रानाशेजारी राहणारा माणूस किती बारकाईनं पाहतो, याचा माझा लाडका दाखला बांबूचा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद गिरणीसाठी तोड चाले, आणि बांबू का खंगतोय याचा अभ्यास गाडगीळांकडे आला. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ केलं की बांबू जोमानं वाढतो, असं वनखात्याचं शास्त्र सांगे, आणि त्याप्रमाणे सफाई होई. गावकरी म्हणत, काटे काढले म्हणूनच बेटं मरतात. गाडगीळांनी नोंदी घेतल्या. जमिनीतून वर येणारा कोंब कोवळा, रसाळ असतो. काट्यांचं कुंपण गेलं की गुरं, साळिंदरं, वानरं तो सहज फस्त करतात, आणि नव्या कोंबांशिवाय बेट पुढे चालत नाही. गावकऱ्यांचं म्हणणं खरं होतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाबद्दल गाडगीळ इतक्या आपुलकीनं का लिहीत, ते हे वाचल्यावर उमगतं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जातीनं नव्हे, कायद्यानं मिळालेली ही हद्द. बांबूच्या वाहतुकीचे परवाने मात्र वनखात्याच्याच हाती राहिले होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. तेव्हापासून किती बांबू तोडायचा, किती राखायचा आणि कोणत्या भावानं विकायचा, हे मेंढ्याची ग्रामसभा ठरवते.