जबड्याचे व्यंग : उपचाराला कोण येते?



दात वाकडे असणे आणि जबडाच मागेपुढे असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारा लावून दात हाडात सरकविता येतात आणि दीड-दोन वर्षांत ओळीत आणता येतात. परंतु ज्या पायावर ते उभे आहेत तो पायाच चुकीच्या जागी असेल, तर नुसत्या तारांनी भागत नाही. शरीराची वाढ पूर्ण झाल्यावर मोठ्या व्यंगासाठी हाड कापून योग्य जागी बसविणे, हाच खरा उपाय उरतो.

अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये भाजल्यामुळे विद्रूप झालेल्या जबड्यावर अशी शस्त्रक्रिया केली होती. आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया मात्र ह्यूगो ओब्वेगेसर यांनी घातला. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे दुभागून ते पुढे वा मागे सरकविण्याची त्यांची पद्धत १९५७ मध्ये इंग्रजी वैद्यकीय वाचकांपुढे आली. छेद तोंडाच्या आतून घेतल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पुढे धातूच्या लहान पट्ट्या व स्क्रू आले आणि जबडे कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवण्याची गरज पुष्कळशी सरली.

ह्या व्यंगांची विभागणी आजही एडवर्ड अँगल यांच्या १८९९ च्या वर्गीकरणाच्या आधारे होते. दुसऱ्या वर्गात खालचे दात मागे राहतात. तिसऱ्या वर्गात ते पुढे येतात. अमेरिकेच्या लोकसंख्येत दुसरा वर्ग तिसऱ्याहून कितीतरी अधिक आढळतो. मग शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांतही तेच प्रमाण असावे, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे, विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे ह्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. १९९६ ते २००० ह्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांत तिसऱ्या वर्गाचा वाटा सुमारे एक-तृतीयांश होता. २००६ ते २०१० मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला.

ह्याची कारणे उद्बोधक आहेत. मागे राहिलेली हनुवटी दातांच्या मांडणीने काही अंशी झाकता येते. पुढे आलेली हनुवटी झाकणे कठीण, आणि ती लोकांच्या नजरेतही लवकर भरते. हाडात बसविण्याच्या बारीक स्क्रूंमुळे दात हलविण्याची मर्यादाही वाढली, त्यामुळे काही रुग्णांची शस्त्रक्रिया टळली. त्या राज्याची वस्तीही अधिक बहुवांशिक झाली. शिवाय अमेरिकेत विमा कंपनी खर्च देईल की नाही, ह्यावर अनेकांचा निर्णय अवलंबून असतो. तेव्हा रुग्णालयातील आकडे व्यंग किती जणांना आहे हे सांगत नाहीत. दारापर्यंत कोण पोहोचले एवढेच सांगतात.

जे पोहोचत नाहीत, ते आपल्या वर्गांत बसलेले असतात. हसताना तोंडावर हात धरणारा, टोपणनावाने हिणवला जाणारा, पुढच्या दातांनी पोळीचा तुकडा तोडू न शकणारा मुलगा शिक्षकांना रोज दिसतो. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर साधारण दहा वर्षांच्या आत मुखवट्यासारख्या साधनाने तो पुढे ओढण्यास चांगला वाव असतो. खालचा जबडा मागे असेल, तर वयात येण्याच्या सुमारास वाढीला वळण देण्याचा प्रयत्न करता येतो. हा काळ निघून गेला, की शस्त्रक्रियेसाठी वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागते.

शस्त्रक्रिया निर्धोक आहे असेही समजू नये. खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना काही रुग्णांत दीर्घकाळ कमी राहते. म्हणून निर्णय रुग्णाचा स्वतःचा असावा. लग्न जमविण्याची घाई किंवा नातलगांचा आग्रह हे त्याचे कारण होऊ नये.

चेहऱ्यावरून मुलाची किंमत करू नये, हा संस्कार शाळेने द्यावाच. परंतु ज्याला चावता येत नाही त्याला वेळेवर वैद्याकडे पाठविणे, हेही त्याच संस्काराचे अंग आहे.