एकाच दांडीची गाडी

म्हैसूरच्या यादवगिरी भागात १९६१ मध्ये ‘आयडियल जावा’च्या कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या सहकार्याने हा उद्योग उभारला होता. गडद लाल रंग, टाकीच्या बगलांवर चकाकणारं क्रोम, दोन्ही बाजूंना लांब सायलेन्सर. गाडी उभी असली तरी नजर खिळायची.

सिलिंडर एकच, सायलेन्सर मात्र दोन. त्यामुळे गाडी दोन्हीकडून सारखीच भरीव दिसे. पण टू-स्ट्रोक इंजिनाचा कार्बन साफ करायचा तर काम दुप्पट. इथे रूपाची किंमत मालकाच्या हातांना मोजावी लागली. चेनचं मात्र उलट. ती पूर्ण पत्र्याच्या आवरणात होती. म्हणून गाडी नेटकी दिसे, धूळ चेनपर्यंत पोहोचत नसे आणि पँटला वंगणही लागत नसे.

खरी करामत डाव्या पायाजवळ होती. गिअर आणि किक दोन्हींसाठी एकच दांडी! गाडी न्यूट्रलला आणायची, दांडी इंजिनाकडे आत दाबायची, वर फिरवून मागे घ्यायची आणि किक मारायची. इंजिन सुरू झालं की तीच दांडी पुढे आणून गिअरच्या जागी बसवायची. गिअर बदलताना ती पायाने दाबली की क्लच आपोआप सुटे, हाताचं काम वाचे. इंजिनाची बाजू स्वच्छ दिसे, कारण दुसरी दांडी तिथे नव्हतीच. नवख्याची पहिल्या दिवशी तारांबळ उडे, हे खरं. पण एकदा पायाला सवय झाली की इतर गाड्यांच्या दोन दांड्या उगाच वाटत. शिकायला अवघड ते गैरसोयीचंच असतं, हा समज या गाडीने खोटा पाडला.

पुढे नाव ‘येझदी’ झालं, १९७८ मध्ये ‘रोडकिंग’ आली. दांडी तीच राहिली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि सोयीचा अर्थच बदलला. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, पेट्रोलही कमी. रोज कामावर जाणाऱ्याने तिकडे वळणं स्वाभाविक होतं. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

२०१८ मध्ये ‘क्लासिक लेजंड्स’ने जावा पुन्हा बाजारात आणली. लाल रंग, क्रोम, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, सगळं परतलं. इंजिन आता बटणाने सुरू होतं, त्यामुळे किक गेली आणि दांडीला गिअरपुरतंच काम उरलं. डोळ्यांना जुनी जावा भेटते. डाव्या पायाला मात्र नाही, आणि ही उणीव जुन्या चालकाला पहिल्याच फेरीत जाणवते.