मोठ्या मोटारींस आळा घालावा काय?

जून २०२४ मध्यें आंबेगांव तालुक्यांत, मंचरजवळ एकलहरे येथें, मोठ्या मोटारीची धडक बसून एक दुचाकीस्वार तरुण प्राणास मुकला. अशा वेळीं दोष केवळ वेगाचा, कीं आकाराचाहि? २,००० किलोची मोटार स्वारासह २०० किलो भरणाऱ्या दुचाकीवर आदळली, तर दुचाकीच्या गतींत होणारा बदल मोटारीच्या दसपट असतो. मोटारीचें तोंड उंच असलें, तर पादचाऱ्यास घाव पायांऐवजीं छातीवर बसतो. परंतु १७ जानेवारी २०२५ रोजीं नारायणगांवाजवळ नऊ प्रवासी दगावले, ते टेम्पोच्या धडकेनें. तेथें ऐषारामी मोटार नव्हतीच! म्हणून सरसकट बंदी मला पटत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमानें सरकारास विशिष्ट रस्त्यांवर वाहनांस मर्यादा घालतां येते. मंचरच्या गजबजलेल्या पेठेंत तोच उपाय आधीं करून पाहावा.