चारशे दहा ग्रॅम

मृग लागून चार दिवस झाले होते. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, जुन्या पोत्यावर बसून एक पिल्लू ओरडत होतं. आवाजावरून वाटावं मोठं मांजर आहे, आणि बघावं तर मूठभर जीव. वॉचमनकाका म्हणाले, "दुपारपासून आहे, ताई. आई काही दिसली नाही."

मी लगेच उचललं नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर ते खरं आहे. जागा धोक्याची वाटली की ती एकेका पिल्लाला मानगुटीला धरून दुसरीकडे नेते. तिच्या दोन खेपांच्या मधे आपण पिल्लू उचललं तर ते आपल्यामुळे पोरकं होतं. म्हणून जिन्याच्या पायरीवर लांब बसून राहिले. दोन तास झाले. मग अशी सर आली की रस्त्यावरचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि पोतं भिजलं. आई आली नव्हती. ओढणीत गुंडाळून पिल्लाला वर आणलं.

घरात येईपर्यंत ते गार पडलं होतं. पंजाच्या गाद्या बोटाला थंड लागत होत्या आणि ओरडणं थांबलं होतं. अशा वेळी आपला हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. पण गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पाजलेलं पचत नाही, उलट वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी ऊब, मग अन्न. पंचाने पुसून कोरडं केलं, गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळली आणि माळ्यावरून हापूसची रिकामी पेटी काढली. पुठ्ठ्याची, हवेसाठी भोकं पाडलेली. पेंढा टाकून दिला आणि तळाशी सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची घडी घातली. बाटली पेटीच्या एकाच बाजूला ठेवली, म्हणजे उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. पाऊण तासाने पाय गरम लागले आणि परत ओरडणं सुरू झालं. ते ऐकून जीव भांड्यात पडला.

पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके, म्हणजे तिरंगी. तिरंगी मांजर जवळपास नेहमीच मादी असते. काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग अंगावर यायला एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती लागतात, आणि नराकडे एकच असते. सासूबाईंना एवढं पुरलं. "मग मनी," त्या म्हणाल्या. "मांजरीचं नाव मनीच असतं."

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून काटा शून्यावर आणला आणि डब्यात मनीला ठेवलं. शंभर पानी वहीत पहिली नोंद केली: १२ जून, ४१०.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडून दात पाहिले. सुळे आले होते, दाढा हिरडीतून नुकत्या डोकावत होत्या. साधारण पाच आठवड्यांची. या वयाला वजन पाचशेच्या पुढे हवं होतं. नंतर त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, गुलाबीऐवजी फिकट. "हे पिसवांचं काम," त्या म्हणाल्या. एवढ्याशा अंगात रक्त किती असणार; पिसवा पुष्कळ झाल्या तर पिल्लू त्यानेच जातं. एवढ्या लहान वयात औषध मनाने लावायचं नाही, विंचरून काढायच्या. उवा-लिखांची बारीक फणी घेतली, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. मानेपासून शेपटीकडे फणी ओढायची, अडकलेली पिसू उडी मारायच्या आत पाण्यात बुडवायची. फणीला काळे बारीक कणही लागत होते. मला ती माती वाटली. ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले तर प्रत्येक कणाभोवती तांबूस कडं पसरलं. पिसवांची विष्ठा होती ती, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त. त्या कागदाकडे बघून पोटात कालवलं. पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ फणी चुकवली नाही.

डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं. रोज एकाच वेळी वजन करा, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. पिल्लू आजारी पडणार असेल तर खेळणं थांबायच्या आधी काटा थांबतो.

नवीन पिल्लू आलं की घरातल्या सगळ्यांना त्याला घर दाखवायचं असतं. ते मी होऊ दिलं नाही. एवढ्या जिवाला अख्खं घर म्हणजे लपायला जागा न सापडणारं मैदान. एक खोली पुरे. आमच्याकडे सगळ्यात लहान खोली सासूबाईंची. त्यांना विचारलं. "राहू दे की," त्या म्हणाल्या. एका कोपऱ्यात पेटी, दुसऱ्या कोपऱ्यात उथळ ट्रे. ट्रेमध्ये फाडलेलं वर्तमानपत्र, कारण एवढी पिल्लं समोर येईल ते चाखून बघतात आणि ओल धरून गोळा होणारी बाजारातली वाळू पोटात गेली तर आतही गोळाच होतो. ट्रे आधी जेवणाच्या बशीजवळ ठेवला होता, तर तिने चटईवर केलं. ट्रे लांब नेल्यावर पुन्हा कधी चुकली नाही. जेवतो तिथे घाण करायची नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

पहिले काही दिवस मनी सासूबाईंच्या ट्रंकेमागे होती. जेवायला यायची, परत मागे. ओढून काढायची नाही, एवढंच मी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

१३ जूनला काट्यावर ४१८ आले. १४ला ३९०. ट्रेमध्ये पाण्यासारखी पिवळी शी होती. मी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी दूध दिलं गं. बशीभर. हावरटासारखं प्यायली."

त्यांचं बालपण राजापूरजवळच्या गावात गेलं. घरात सात-आठ मांजरं, आणि दूध-भाताची वाटी रोजची. पण ती मांजरं जगायची ती कणगीतल्या उंदरांवर आणि मासळीच्या डोक्यांवर. दूध वरचं होतं. मांजरीच्या दुधाच्या मानाने गाई-म्हशीच्या दुधात साखर जास्त, आणि ती साखर पचवण्याची पिल्लाची ताकद आईचं दूध सुटता सुटता कमी होत जाते. मग जुलाब, आणि चारशे ग्रॅमच्या अंगातलं पाणी एका दिवसात सरतं. हे मी सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पिल्लं मरायची. जगायची ती जगायची, असं म्हणायचो आम्ही. कोणी मोजली नाहीत."

त्याच सकाळी घरकामाला येणारी ताई फरशी पुसायला फिनेलची बाटली घेऊन आली आणि मी ती दारातच अडवली. मांजराच्या यकृतात एक विकर जवळजवळ काम करत नाही, आणि फिनेलमधल्या फिनॉलसारख्या द्रव्यांची विल्हेवाट लावायला तेच लागतं. पंजाला लागलेलं फिनेल ती चाटते आणि ते अंगात साठतं. याच कारणाने आपली तापाची साधी पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते, आणि कुत्र्याच्या पिसवांवरचं पर्मेथ्रिनचं औषधही. मांजर म्हणजे लहान कुत्रं किंवा लहान माणूस नव्हे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. फरशी साबणाच्या पाण्याने पुसली. सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या स्वतः काढून माझ्या हातात दिल्या.

डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने दोन दिवस दर तीन तासांनी थोडंथोडं दिलं: पिल्लांसाठीचं ओलं खाद्य, कोमट पाण्यात कालवून खिमटीसारखं. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं चालत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच पुरेसं मिळावं लागतं. ते कमी पडलं की पुढे दृष्टी जाते आणि हृदय दुबळं होतं. १६ला ४०२. १७ला ४१५.

सासूबाई रोज चार वाजता पाटावर बसून पोथी वाचतात, मोठ्याने, एका लयीत. पिल्लाला माणसाच्या आवाजाची सवय व्हायला असं कोणी जवळ बसून, त्याच्याकडे न बघता बोलत राहिलं तर फार उपयोग होतो. माणसाळण्याचा मुख्य काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा, आणि आमच्या हातात दोनच आठवडे होते. १७ला मी दारात उभी होते. पोथीचं पान उलटलं आणि ट्रंकेमागून एक कान दिसला. पुढच्या पानाला डोकं आलं. मग पोट जमिनीला घासत ती पाटापर्यंत आली, लुगड्याच्या काठाचा वास घेतला, तो तिच्या पेटीतलाच वास होता, आणि काठावर पुढचे पाय आळीपाळीने दाबू लागली, कणीक मळावी तशी. आईच्या पोटाशी दूध सुटावं म्हणून पिल्लं करतात ते हे. सासूबाईंचा आवाज एकदा कापला, पण वाचन थांबलं नाही. अध्याय संपेपर्यंत त्यांनी मांडी हलवली नाही.

दहाव्या दिवशी खोलीचं दार उघडं ठेवलं. त्याआधी गॅलरीच्या ग्रिलला जाळी मारून घेतली. गजांमधून ज्याचं डोकं जातं त्याचं सगळं अंग जातं. सुई-दोऱ्याचा डबा, राखीचे गोंडे, फुलपुडीचा दोरा कपाटात गेला. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा तोंडात गेला की बाहेर टाकता येत नाही, तो गिळलाच जातो, आणि ताणला गेला की आतडं कापतो. मनी भिंतीला धरून एकेक खोली हुंगत गेली, दर वेळी परत पाटापर्यंत येऊन पुन्हा निघाली.

८ जुलैला पहिली लस झाली. काट्यावर ७१५. ही लस तीन विषाणूंवरची. त्यातला पॅनल्यूकोपेनिया लहान पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेतो. एकदा टोचून भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी, तीही वहीत लिहून ठेवली.

गेल्या आठवड्यात लोकलचा गोंधळ होता, घरी यायला रात्रीचे दहा वाजले. सगळे झोपले होते. मनी पाटावर, पोथीच्या तांबड्या रुमालावर. वजन राहिलं म्हणून वही उघडली, तर त्या दिवसाची नोंद झालेली होती, मोठ्या, जरा थरथरत्या अक्षरात:

१४ जुलै, ७९०. शी घट्ट. दूध मागत होती. दिले नाही.